मसाल्याच्या दिवसांत जुईचं नाक

माझ्या लेकीच्या घोरण्याला फसून मांडव्याकडे येणारी एक बोट किनाऱ्याजवळून परत खोल पाण्यात गेली होती. बोट चालवणाऱ्या तांडेलाला वाटलं, समोरून दुसरी मोठी बोट भोंगा देत येतेय. हे मी आमच्या खानावळीत जेवायला बसणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. पाहुणा सोलकढीचा पेला हातात धरून खो खो हसतो. जुई घोरायची तेव्हा तोच पाहुणा आमच्या मागच्या खोलीत मुक्काम करायचा आणि सकाळी चहाच्या वेळी हळूच विचारायचा, "वहिनी, बोट एकच फिरली का हो?"

तर माझ्या तोंडाचा भरवसा धरू नका. जुईच्या नाकाबद्दल मात्र इथे मी मीठमसाला लावणार नाही. ज्यांचं मूल तोंड उघडं टाकून झोपतं आणि ज्यांना कोणी सांगितलंय की थांबा, अजून लहान आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकी माणसं, बोटी आणि मासे यांच्याविषयी जे येईल ते आपापल्या जबाबदारीवर वाचा.

गावाची नाकं

किहीमच्या बाजूला आमचं गाव आहे, आणि आमच्या गावात नाकं नानी करते. नानी म्हणजे माझी सासू. अख्खं गाव तिला नानी म्हणतं म्हणून मीही म्हणते. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. पाय पसरून पाटावर बसते, बाळ पायांवर घेते, वाडीतल्या नारळाचं तेल तळव्यावर ओतते. डोकं गोल करते, कान चोळते आणि शेवटी अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत नाक धरून हलक्या हाताने पुढे ओढते. आमच्याकडे बाळं नाकाशिवाय जन्माला येतात आणि नाक नंतर नानी लावते, असं मी मुंबईच्या एका बाईंना सांगितलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी मान हलवली.

नानीला स्वतःचं काम ओळखू येतं. अलिबागच्या बाजारात कोणी समोरून आलं की ती मला कोपराने ढोसते, "ह्यं बघ, माजं नाक चाललं." गावातला एक मुलगा आखातात नोकरीला आहे. तिथल्या विमानतळावर त्याचा पासपोर्ट न बघता नाक बघून सोडतात, असं ती सांगते. मी आणि ती सासूसुना शोभतो ते उगाच नाही.

आणि तिच्या सगळ्या नाकांत उजवं नाक होतं ते नातीचं. जुईचं नाक बाहेरून असं सरळ की ओळंबा लावून बघावा. आत काय चाललं होतं ते कोणाला ठाऊक?

झोपून दमणारी पोर

जुई तोंडानेच श्वास घ्यायची. घास चावायचा तर श्वास थांबवायचा, श्वास घ्यायचा तर घास थांबवायचा. त्यामुळे खानावळीच्या घरात राहून पंक्तीत सगळ्यात शेवटी उठणारी ती एकटी. ओठ कायम फुटलेले, डोळ्यांखाली काळं. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची आणि बाई तिला आळशी म्हणायच्या. घरी आम्ही सगळं केलं: ओव्याची पुरचुंडी, वाफारा, नाकात थेंब. नानी रोज आंघोळीआधी तेल लावून नाक आणखी ओढायची. पोर नऊ वर्षांची झाली तरी ओढायची.

अलिबागच्या डॉक्टरांनी शेवटी बॅटरी मारून नीट पाहिलं. नाकाच्या मधला पडदा वाकलाय, एक बाजू जवळजवळ बंद आहे, असं सांगितलं. पण लगेच हेही म्हणाले की वाढत्या वयात पडद्याला हात लावला तर नाकाची वाढ खुंटू शकते, सोळा-सतरा वर्षांची होऊ द्या. नानी घरभर मिरवली. ती तेच तर सांगत होती, वाढत्या नाकाला हत्यार लावायचं न्हाय. मोठ्या डॉक्टरचं आणि आपलं मत जुळलं याचा तिला केवढा तरी आनंद झाला. आम्ही थांबलो.

मग जुईचे पुढचे दात एकमेकांवर चढायला लागले. दातांचे डॉक्टर दातांपेक्षा टाळूकडे जास्त वेळ बघत राहिले. तोंड उघडं ठेवून झोपते का, असं विचारलं. टाळू अरुंद झालीय, चेहरा लांबट होतोय, लहान मुलांची नाकं बघणाऱ्या डॉक्टरांना मुंबईत दाखवा, म्हणाले. मी घरी येऊन जुईचा जुना फोटो काढला आणि तिच्याशेजारी धरला. रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही हेच खरं. हनुवटी खाली उतरली होती, गाल बसले होते. रोज थोडा थोडा चेहरा बदलत होता आणि आम्ही वय व्हायची वाट बघत बसलो होतो.

पट्टीवरची वाफ

मुंबईला जायला मांडव्याहून बोटीत बसलो तेव्हा जुई, तिचे बाबा, मी आणि नानी असे चौघे होतो. जुईचे बाबा जेट्टीवर रिक्षा चालवतात. महिन्यातून चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन भाड्याची. नानी आली होती ती पहाऱ्याला. कोणी हत्यार काढलं तर तिला मधे पडायचं होतं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी जुईच्या नाकाखाली स्टीलची एक थंडगार चपटी पट्टी धरली आणि श्वास सोडायला सांगितलं. पट्टीवर वाफेचा एक ठिपका उमटला. एकच. दोन असायला हवे होते. "बघा," म्हणाल्या आणि पट्टी नानीच्या हातात दिली. नानीने ती उलटीपालटी केली. मग तिने जे विचारलं त्यासाठी ती मुंबईला आली होती, हे मला तेव्हा कळलं.

"माज्या हातानं झालं का?"

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "नाही आजी. तुमची बोटं बाहेरून फिरली, पडदा आत खोल आहे. कधी जन्माच्या वेळी नाक दाबलं जातं, कधी लहानपणी पडल्यावर आपटतं. नेमकं कधी, ते कोणालाच सांगता येत नाही." एवढं होऊनही नानीने दोन्ही हात पदराखाली घेतले ते घेतलेच.

मग बाईंनी आम्हाला सगळं उलगडून सांगितलं, आणि त्यांचं मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर त्यांनी काहीच गोड करून सांगितलं नाही. तो मधला पडदा वाढतो तसा नाकाला आणि वरच्या जबड्याला पुढे घेऊन जातो. त्यातला मोठा तुकडा काढला तर नाक बसू शकतं, लहान राहू शकतं. म्हणून थांबा म्हणणारे डॉक्टर चुकीचे नाहीत. पण वर्षानुवर्षं तोंडाने श्वास घेतला तर त्यानेही चेहऱ्याची वाढ वाकडी जाऊ शकते. "थांबलात तरी काहीतरी होतच राहणार आहे," त्या म्हणाल्या. "मी पडदा सैल करीन, सरळ करून जागेवर ठेवीन, अगदी लागेल तेवढंच काढीन. वाढीचा भाग सोडून. श्वास मोकळा होईल अशी मला चांगली आशा आहे. नाकाचा शब्द मी देत नाही. मोठी होईपर्यंत दरवर्षी फोटो काढू, मोजू. कदाचित पुढे पुन्हा थोडं काम करावं लागेल."

नानीने विचारलं, नाक बसलं तर पोर नथ कशात घालणार? हसण्यासारखं काही नव्हतं. चेहऱ्याची भीती आम्हा सगळ्यांनाच होती, बोलली फक्त ती. जुईच्या बाबांनी महिन्याच्या वाट्यातलं एकही वाक्य खर्च केलं नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. उद्या आरशात बघून पोरीने मला विचारलं, तर?

तेवढ्यात जुई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मी झोपून दमते."

"म्हणजे गं?"

"सगळे झोपून उठले की ताजे असतात ना. मी झोपले की दमते. मग शाळेत जाते."

तिच्या बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "करून टाकू." त्या महिन्यातलं ते त्यांचं सर्वात मोठं भाषण.

हॉस्पिटलात

शाळा बुडू नये म्हणून मे महिन्यातली तारीख घेतली. सगळ्यांना पटली. यात केवढी मोठी चूक आहे ते मुंबईच्या माणसाला कळलं नसतं हे ठीक आहे, पण आम्हा किहीमच्या बायकांनाही कळलं नाही. ते पुढे येईलच.

वॉर्डात मी पहिल्या संध्याकाळीच सगळ्या पेशंटांना बोटीची गोष्ट सांगून टाकली होती. शेजारच्या खाटेवरची आजारी बाई हसून हसून टाके तुटतील म्हणायला लागली, तेव्हा सिस्टरनी मला दम भरला. सकाळी जुईला हिरवा झगा घातला. उपाशी पोर, हाताला सुई, केसांवर टोपी. धीर द्यायची पाळी आली तेव्हा तो तिनेच दिला, आणि तोही मला नाही, सिस्टरना. "नाक बिघडलं तर काळजी करू नका हां," ती झोपल्या झोपल्या म्हणाली. "आमची नानी दुसरं लावते."

स्ट्रेचर आत गेलं. नानी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, हसून की रडून ते मी बघायला गेले नाही. ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ मी एक अक्षर बोलले नाही. माझ्या नवऱ्याला एवढी काळजी वाटली की तो मला चहा घेऊन आला.

बाहेर आली ती सुजलेली, गुंगीत, ओठांवर सुकलेलं रक्त. पडदा जागेवर राहावा म्हणून आत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या शिवलेल्या. हे आधी माहीत असलं तरी बघवत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. पहिले दिवस मूल आधीपेक्षाही जास्त तोंडानेच श्वास घेतं. आपल्याला वाटतं, केलं काय आणि झालं काय. तेव्हा ओठांना तेल लावत राहा, उशा उंच ठेवा आणि रोज डॉक्टरला फोन करून तोच प्रश्न विचारायची लाज वाटू देऊ नका.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं. नाक शिंकरायचं नाही. धक्का लागू द्यायचा नाही. धूर, धूळ नको. नाकाला कोणी हात लावायचा नाही, हे नानीकडे बघून. आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून, पण शक्यतो शिंका येऊच देऊ नका.

गल्लीतल्या मिरच्या

रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि डोळ्यांतून पाणी आलं. आनंदाचं नव्हे. मे महिना! पावसाच्या आत वर्षाचा मसाला करायचे दिवस. गल्लीत दारोदार चुली मांडलेल्या, कढयांत मिरच्या भाजताहेत, आणि त्या झोंबणाऱ्या धुराचा खाट असा की वरून उडणारा कावळा शिंकून खाली पडावा. जुईच्या बाबांनी रिक्षा तिथेच वळवली आणि लांब आंब्याखाली नेऊन उभी केली. जुई खोकायला लागली होती. मी ओला टॉवेल तिच्या तोंडापुढे धरला. ज्या मसाल्यावर माझी खानावळ चालते, त्याच मसाल्याला मी तेव्हा काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

पण कोणाला काय सांगणार? सगळ्यांच्या मिरच्या वाळून तयार, ढग वर यायला लागलेले. एक सर आली की वर्षाचा मसाला गेला.

नानी रिक्षातून उतरली. ही तीच बाई, जी ऑपरेशन नको म्हणत होती. पदर खोचला आणि पहिल्याच दारात, वनिताच्या चुलीपुढे जाऊन उभी राहिली. मी मागोमाग.

"वनिता, तुजं नाक कोनी केलं?"

वनिता झारा हातात धरून बघत राहिली. "तू केलंस, नानी."

"मंग कढई उतरव."

"अगं पण नानी, आभाळ बघ. माझ्या मिरच्यांचं काय होणार?"

"भाजू नको म्हनत न्हाय. हितं भाजू नको. सकाळचा वारा दर्याकडं जातो. उजाडताना सुरूंच्या खाली चुली मांडू. मी येते भाजायला, सगळ्यांच्या मिरच्या मी भाजते."

वनिताने एकदा नानीकडे बघितलं, एकदा रिक्षाकडे. मग कढई उतरवली आणि स्वतःच्या नाकावरून हात फिरवत म्हणाली, "बरं झालं, डोळे तू केले नाहीस. ते पण परत मागितले असतेस."

नानी दारोदार गेली. प्रत्येक दारात तोच प्रश्न, आणि नाही म्हणायची सोय कोणालाच नव्हती, कारण पुरावा ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर होता. दुसऱ्या दिवशी उजाडताना अख्खी गल्ली किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली. चुली, कढया, सुपं, मिरच्यांची पोती. आणि मधे नानी, डोळे लालभडक, भाजतेय. वारा जमिनीकडून समुद्राकडे. दूर नांगरलेली जहाजं शिंकताना मी स्वतः ऐकली. त्या आठवड्यात आमच्या कोळ्यांच्या जाळ्यात जे बांगडे सापडले त्यांना वरून मसाला लावावा लागला नाही, थेट तव्यावर. ऊन चढून वारा फिरायच्या आत बायका चुली विझवून घरी यायच्या, न्हायच्या, लुगडी बदलायच्या आणि मगच आमच्या दाराशी उभ्या राहून जुईला हाक मारायच्या.

खानावळीत फोडणी बंद. मी सगळं नारळाच्या दुधात शिजवायला लागले. आमचे हे मुकाट्याने जेवायचे. एकदा फक्त विचारलं, "मीठ घालायला तरी डॉक्टरांची परवानगी आहे ना?" मुंबईचे पाहुणे मात्र खूश. एकाने तर असं अस्सल कोकणी जेवण पहिल्यांदाच जेवलो म्हणून हात जोडले.

तरी एक शिंक आलीच. जुई पाटावर बसली होती. तिने तोंड आ केलं, आमच्याकडे बघितलं, आणि शिंकली. घरात सगळे होते तिथे थिजले. नाकातून रक्ताचा एक थेंब आला, ओठापर्यंत पोचला आणि थांबला. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, एवढ्याने काही होत नाही. नानीचा हात जुईच्या नाकाकडे निघाला होता. अर्ध्यात थांबला, आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून मांडीखाली दाबला.

गार हवा

पट्ट्या काढल्या त्या दिवशी जुई बोटीच्या कठड्याशी उभी होती. तोंड मिटलेलं. मिटलेल्या तोंडाची माझी लेक मी इतक्या वर्षांत नीट बघितलीच नव्हती. "आई," म्हणाली, "आत गार लागतंय." घरी येऊन दुपारी झोपली, आणि घर असं गप्प झालं की मीच धावत जाऊन तिच्या छातीवर हात ठेवला. रोज सकाळी मी खानावळीतली स्टीलची ताटली तिच्या नाकाखाली धरायचे. दोन ठिपके. आधी एक मोठा, एक लहान. मग हळूहळू जुळे.

दरवर्षी मे महिन्यात आम्ही जातो. फोटो निघतात, मोजमाप होतं. आता जुई माझ्या खांद्याला लागते. नाक चेहऱ्याबरोबर वाढतंय, डॉक्टरीणबाईंना अजून काही वावगं दिसलेलं नाही. टाळूसाठी दातांच्या डॉक्टरांनी तार बसवली आहे. शेवटचा निकाल ती पूर्ण मोठी झाल्यावरच, असं डॉक्टरीणबाई दर वेळी सांगतात, आणि मला ते दर वेळी आवडतं. भीती गेलेली नाही. ती वर्षातून एकदा आमच्याबरोबर तिकीट काढून बोटीत बसते, एवढंच. तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा ऑपरेशन केलं तर काय होईल, हे विचाराच, पण थांबलो तर काय होईल, हेही विचारा. मग निर्णय काहीही होवो. आणि तारीख घेण्याआधी आपल्या गल्लीत त्या महिन्यात काय शिजतं ते बघून घ्या.

गल्लीचा मसाला अजून सुरूंच्या खालीच भाजला जातो. बायकांना तिथे बरं वाटतं. पाहुण्यांना मी सांगते, ही शेकडो वर्षांची प्रथा आहे.

या मे महिन्यात तपासणी झाली आणि आम्ही उठलो, तरी नानी खुर्चीत बसून राहिली. "डॉक्टरीणबाय," म्हणाली, "आता हात लावला तर चालंल का?"

बाईंना आधी कळेना. कळल्यावर त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "आजी, हात लावू नका म्हटलं ते पहिल्या काही आठवड्यांपुरतं. तुम्ही अजून...?"

नानीने मान डोलावली. गावातली सगळी नाकं जिने ओढली, तिने या एका नाकाला हॉस्पिटलातून घरी सोडलं त्या दिवसापासून बोट लावलं नव्हतं. तिला वाटलं होतं, बंदी मुलगी मोठी होईपर्यंत आहे. कोणाला विचारलं नाही, कुरकुर केली नाही.

परतीच्या बोटीत तिने जुईला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता चिमटीत धरणार. तिने नाक ओढलं नाही. दोन बोटं नाकाखाली आडवी धरली आणि डोळे मिटले.

"नानी, आता हे नाक कोणाचं?" जुईने विचारलं. "तुझं की डॉक्टरीणबाईंचं?"

"गप ऱ्हा," नानी म्हणाली. "दोन्हीकडनं येतंय."